भंगारातलं शिल्प: वस्तूची ओळख ठेवायची की रंग मारून पुसायची?

सुटा_नटबोल्ट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. राहतो नागपुरात, नोकरी हिंगणा एमआयडीसीत, आणि सुट्टीच्या दिवशी गच्चीवर भंगार जोडत बसायचा नाद आहे. घुबडं, खेकडे, नाकतोडे असले बारके जीव करून झाले. आता कंबरेएवढा बगळा केलाय. पंख म्हणजे जुन्या कूलरच्या पंख्याची पाती. मान सायकलच्या चेनची, एकेक कडी हवी तशी वळवून टाके मारत गेलो. चोच म्हणजे मुठी कापलेली पक्कड. पाय दहा एमएमच्या सळईचे. स्वारी एका पायावर उभी आहे, म्हणून खाली वजनाला मोटारीचा ब्रेक ड्रम.

आता अडचण. भाऊजींच्या ओळखीतल्या एका डॉक्टरांना तो दवाखान्यात हवाय, पेशंट बसतात त्या खोलीत ठेवायला. पैशाची घासाघीस नाही. अट एकच, सगळा सोनेरी करून द्या. म्हणे, "भंगार वाटायला नको."

माझं म्हणणं असं की चोच ही पक्कड आहे हे दिसणारच नसेल तर पक्कड लावलीच कशाला? पत्र्याची चोच कापली असती. बघणाऱ्याला आधी बगळा दिसावा, मग पक्कड दिसावी, मग परत बगळा दिसावा. मजा त्या ये-जा करण्यात आहे. सोनेरी मारला की नुसता बगळा उरतो, आणि तोही मंगल कार्यालयाच्या गेटवरचा.

घरचं मत: पैसे घे, रंग मार, गच्ची मोकळी कर. तुम्ही काय केलं असतं? आणि रंग न मारता ठेवायचा तर नागपूरच्या पावसाळ्यात गंजाचं काय करता?

तर्रीबाज

फोटो टाकाले काय झालं बाप्पा? आम्ही काय नजर लावून राहिलो तुमच्या बगळ्याले? बाकी पैसे भेटून राहिले तर सोनेरी काय, गुलाबी बी मारा.

सदाशिवपेठी

रंग मारू नये. विषय संपला.

तर्रीबाज

पुण्यात विषय एक ते चार बंदच असते. उघडला की सांगा.

मायक्रोमीटर_मॅडम

मी आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवते, त्यामुळे कलेबद्दल नंतर. आधी सांगा, कूलरची पाती लोखंडी आहेत की जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची? जर्मनची असतील तर साध्या रॉडने ती सळईला लागलीच कशी?

बाकीच्यांसाठीही लिहिते, कारण असे धागे वाचून पोरं मशीन भाड्याने आणतात. नागपुरात सगळ्यात जास्त भंगार निघतं ते कूलरचं, आणि कूलरची बॉडी म्हणजे जस्त चढवलेला पत्रा. त्यावर आर्क मारला की पांढरा धूर निघतो, तो जस्ताचा. बंद खोलीत तासभर तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप. जोडायच्या जागेवरचं जस्त आधी घासून काढा, तेही मास्क लावून, आणि काम उघड्यावर करा.

दुसरं, बंद असलेली कुठलीही वस्तू तापवायची नाही. गाडीचे शॉकअप बघून पोरांना हटकून वाटतं की हे हत्तीचे पाय झाले! आत तेल असतं, काहींत दाबाखाली गॅस असतो. ते फुटलं की छर्रा उडावा तसा दांडा बाहेर येतो. पेट्रोलची टाकी वर्षभर रिकामी पडलेली असली तरी आत वाफ असू शकते. फ्रीजचा कॉम्प्रेसरही तसाच कापायला घेऊ नका. आणि सर्किट बोर्डांतलं तांबं काढायला ते जाळू नका, तो धूर सगळ्यात वाईट.

सुटा_नटबोल्ट

मॅडम, पाती जर्मनचीच आहेत. वेल्डिंग नाही, रिव्हेट मारलेत.

मायक्रोमीटर_मॅडम

मग मध्ये रबराचा वायसर टाका. जर्मन आणि लोखंड एकमेकाला चिकटून ओलं राहिलं की जर्मन खाल्लं जातं, रिव्हेटच्या भोवती पांढरी भुकटी दिसायला लागते. दवाखान्यात ठेवणार असाल तर फरक पडत नाही, गच्चीवर पडेल.

शंभर_नंबरी

जस्ताचा ताप आला की वेल्डर लोक दूध पितात. आमच्या गल्लीतले मिस्त्री रोज काम सुरू करायच्या आधी ग्लासभर घेतात. त्याने धूर पोटात बसतो.

डॉ_गुळवेल

धूर जातो फुफ्फुसात, दूध जातं पोटात. दोघांची गाठ पडत नाही. दूध प्या, पण मास्कऐवजी नको. हा ताप साधारण एक-दोन दिवसांत उतरतो, म्हणूनच दुधाला श्रेय मिळतं. धाप लागत असेल तर मात्र घरी बसू नका.

धागाकर्त्याला माझा वेगळाच प्रश्न आहे. कंबरेएवढा बगळा, त्याला पकडीची चोच, आणि जागा दवाखान्याचा प्रतीक्षा कक्ष. म्हणजे ती चोच चार-पाच वर्षांच्या मुलाच्या बरोबर डोळ्यासमोर आली. आमच्याकडे मुलं खुर्चीवर बसतच नाहीत, पळत असतात. सोनेरी की गंजका हे नंतर बघा, आधी चोचीचं काहीतरी करा.

सुटा_नटबोल्ट

बाप रे, हे डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद डॉक्टर. मान कापून परत वळवावी लागेल. बगळा बऱ्याचदा मान मुरडून चोच छातीशी धरून उभा असतोच.

लोहाओळकर

इतवारीत आमचं लोखंडाचं पिढीजात दुकान आहे, म्हणून दोन गोष्टी.

ब्रेक ड्रम बिडाचा असतो. त्याला सळई साध्या रॉडने जोडली असेल तर आज घट्ट दिसेल, पण थंड होताना किंवा पुढे कधीतरी धक्का लागला की टाक्याच्या कडेने बारीक चीर जाते. निकेलचा रॉड महाग पडतो. त्यापेक्षा ड्रमला व्हील बोल्टची भोकं आहेतच, त्यात प्लेट कसा आणि प्लेटवर पाय जोडा.

बीड की पोलाद हे ओळखायचं तर ग्राइंडर लावून ठिणगी बघा. बिडाची ठिणगी आखूड, लालसर, लवकर विझणारी. पोलादाची लांब, पिवळसर, टोकाला फुलणारी. आमच्याकडचा पोऱ्या हे आवाजावरूनच सांगतो, पण ती विद्या धाग्यावर शिकवता येत नाही.

आणि शिल्पवाल्यांना विनंती. गोदामात येऊन ढीग उपसून एक गिअर घेता, निघून जाता, ढीग आम्ही परत लावतो. येताना काय हवं त्याचं चित्र काढून आणा, किंवा सरळ म्हणा की मला बघत बसायचंय. बघायला आमची ना नाही. चहाही देतो.

विषयांतर_सम्राट

साहेब, तुमच्याकडून भंगाराच्या भावाने घेऊन शिल्पाच्या भावाने विकतो तो कलाकार. उलटं करतो तो मी. मागच्या दिवाळीत बायकोने माझं पितळी फुलपाखरू किलोवर घातलं.

तर्रीबाज

भाव बरा भेटला का पण?

विषयांतर_सम्राट

बरा म्हणजे, नंतर कळलं की त्यात आजीच्या समईची वात ठेवायची वाटीपण होती. भाव बरा भेटला, बाकी घरात काही बरं नाही.

वर्धा_लाईन

अजनीच्या पुढे रुळांच्या कडेला त्या वळलेल्या लोखंडी क्लिपा पडलेल्या दिसतात ना, इंग्रजी ई अक्षरासारख्या. गोल मांडल्या तर मस्त कमळ होईल. कोणी वापरल्यात का?

लोहाओळकर

हात लावू नका! ती रेल्वेची मालमत्ता आहे, पडलेली असली तरी. त्यासाठी 1966 चा वेगळा कायदा आहे आणि तुमच्याकडे माल सापडला की तो तुमच्याकडे कसा आला हे तुम्हालाच पटवून द्यावं लागतं. आरपीएफला कमळ दाखवून उपयोग होत नाही. आम्ही व्यापारी असून बिनकागदाची एक क्लिप दुकानात येऊ देत नाही. रेल्वेचं भंगार लिलावात जातं, तेही मोठ्या लॉटमध्ये. रेल्वेच्या जुन्या वस्तू डोळे भरून बघायच्या असतील तर मोतीबागेतलं नॅरोगेज संग्रहालय आहे, 2002 पासून.

वर्धा_लाईन

बरं झालं आधी विचारलं.

चितारओळीतली

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज राहवलं नाही.

आमच्या घरात मूर्तीकाम आहे. धागाकर्त्याचं म्हणणं की वस्तू दिसायलाच हवी, नाहीतर लावली कशाला. मला हे पटत नाही. आमच्या मोठ्या मूर्तीच्या पोटात गवत असतं, सुतळी असते, बांबूच्या कामट्या असतात, कधी जुन्या खोक्याच्या फळ्या. वरून माती, मग रंग. कोणी येऊन म्हणत नाही की अरे आत गवत दिसलं पाहिजे होतं. ते गवत मूर्ती उभी धरतं, तेवढं त्याचं काम.

आणि आपल्या नागपुरात भंगारातून पुतळे ही काय नवी गोष्ट आहे का? तान्हा पोळ्याच्या दिवशी मारबत, म्हणजे बाईचा मोठा पुतळा, मिरवणुकीने निघते, पिवळी मारबत तर 1885 पासून निघते असं सांगतात. तिच्याबरोबर बडगे, म्हणजे दुसरे पुतळे, असतात ते कशाचे? बांबू, पोती, रद्दी, फाटके कपडे, जे मिळेल ते. वर त्या वर्षी लोक ज्याच्यावर चिडलेले असतील त्याचं तोंड. महागाई असेल, भ्रष्टाचार असेल, एखादा पुढारी असेल. तिथे पोतं ओळखू आलं की नाही याला शून्य किंमत. तोंड ओळखू आलं पाहिजे, बस. आणि संध्याकाळपर्यंत "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत जाळून मोकळे. गंजाचा प्रश्नच नाही.

डॉक्टरांना सोनेरी हवाय तर मारून द्या. रंग मारला म्हणजे खोटं बोललं असं नसतं.

सुटा_नटबोल्ट

ताई, बडग्याचं पटलं, त्याला तोडच नाही. पण मूर्तीच्या आतलं गवत आणि माझी पक्कड यात फरक आहे. गवत पहिल्यापासून झाकायचंच ठरलेलं असतं. पक्कड मी चोचीसाठी निवडली, ढिगात ती उघडी पडलेली दिसली तेव्हाच बगळा सुचला. आधी पक्कड, मग बगळा.

चितारओळीतली

हे तुम्हाला माहीत. डॉक्टरांना आधी बगळा दिसला.

तर्रीबाज

ताई एकच नंबर!

सदाशिवपेठी

विषय उघडतो. (एक वाजायला अजून वेळ आहे.)

तान्हा पोळ्याचा उल्लेख आला म्हणून आठवलं. पिकासोने 1942 मध्ये सायकलची सीट आणि हँडल एवढ्या दोनच वस्तू जोडून बैलाचं डोकं केलं. सीट म्हणजे तोंड, हँडल म्हणजे शिंगं. नागपूरच्या कुठल्याही सायकल दुकानाच्या मागे हा बैल सुटा पडलेला असेल. जगात या प्रकारातलं यापेक्षा कमी सामानात झालेलं काम मला माहीत नाही, आणि ते चालतं ते केवळ सीट ही सीटच राहते म्हणून. पुढे एखाद्याने ते डोकं उकिरड्यावर पाहून परत सायकलला लावावं, अशा अर्थाचं तो स्वतः बोलला आहे. म्हणजे धागाकर्ता म्हणतो ती ये-जा.

परदेशी_पोपट

पेठी काका, अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच डोक्याचं पिकासोने नंतर ब्राँझमध्ये ओतकाम करून घेतलं. कातडं गेलं, लोखंड गेलं, सगळं एका धातूचं, एका रंगाचं झालं. तरी सीट ओळखू येतेच, कारण आकार तोच. त्याची ती माकडीण आहे ना, 1951 ची, पिल्लाला छातीशी धरलेली, तिचं तोंड म्हणजे मुलाच्या खेळण्यातल्या दोन मोटारी. तीही ब्राँझ. मोटारींच्या काचासुद्धा दिसतात. मग रंगाने ओळख पुसते हे गृहीतच मुळात तपासायला हवं.

इकडे शिकागोत राहतो, हिवाळ्यात म्युझियमशिवाय जायला जागा नसते, म्हणून थोडं लांबवतो. लुईझ नेव्हल्सन नावाच्या बाई होत्या. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर टाकलेली लाकडं गोळा करायच्या: खुर्च्यांचे पाय, कठड्यांचे गज, खोक्यांच्या फळ्या. ती कप्प्याकप्प्यांत रचून भिंतीएवढं काम करायच्या आणि वर सरसकट काळा रंग. 1958 चं त्यांचं मोठं काम न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. पुढे त्यांनी पांढरी कामं केली आणि, धागाकर्ता कान इकडे करा, सोनेरीही केली. एकच रंग मारल्यामुळे लाकडाची जात, वय, डाग हे सगळं मागे जातं आणि उरतो तो उजेड-सावलीचा खेळ. खुर्चीचा पाय ओळखू येतो, पण उशिरा.

उलट जॉन चेंबरलेन मोटारींचे चेपलेले पत्रे जोडायचा, आणि त्यांचा गाडीचा रंग तसाच दिसू द्यायचा. दोन्ही माणसं थोर. तेव्हा सोनेरी वाईट असं नाही. "भंगार वाटायला नको" म्हणून मारलेला सोनेरी वाईट.

सदाशिवपेठी

ब्राँझचं मान्य. पण ब्राँझमध्ये ओतणं आणि स्प्रेचा डबा फवारणं यात अंतर आहे हेही मान्य करा.

परदेशी_पोपट

केलं.

खडूस_काकू

चंदीगडचं रॉक गार्डन कोणी पाहिलं नाही का? नेकचंद रस्ते तपासनीस होते, सरकारी जंगलाच्या जागेत वर्षानुवर्षं गुपचूप, कामावरून सुटल्यावर हे सगळं करत होते. फुटक्या कपबशा, विजेची सॉकेट, भट्टीतला कचरा. सरकारला पत्ता लागला तेव्हा पाडायचं की ठेवायचं यावर खल झाला, आणि 1976 मध्ये ते लोकांसाठी उघडलं. 2015 ला ते गेले. तिथल्या बायकांच्या पुतळ्यांचे झगे लांबून नक्षीचे वाटतात, जवळ गेलं की कळतं, फुटक्या बांगड्या आहेत. मी तिथे उभी राहून माझ्या हातातल्याच बघत बसले. रंग काहीही मारलेला नाही, बांगड्यांचा तोच रंग. मी धागाकर्त्याच्या बाजूची.

शंभर_नंबरी

दिल्लीला सराय काले खांजवळ 2019 मध्ये जगातल्या सात आश्चर्यांची भंगारातली बाग केली, दीडशे टन भंगार लागलं म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा निम्मे लोक भंगाराकडे पाठ करून सेल्फी काढत होते. त्यांना आयफेल टॉवर पाहिजे होता.

मायक्रोमीटर_मॅडम

गंजाचं कोणीच उत्तर दिलं नाही, सगळे पॅरिसला गेलेत.

तारेच्या ब्रशने सुटा गंज काढा. पूर्ण चकाकी आणायची गरज नाही, घट्ट बसलेला तपकिरी थर राहू दे, तोच रंग चांगला दिसतो. धुऊन, कडक उन्हात तापवून, लोखंड गरम असतानाच उकळलेलं जवसाचं तेल अगदी पातळ चोळायचं आणि जास्तीचं पुसून घ्यायचं. जाड लावलं की महिनाभर चिकट राहतं आणि कापसाच्या म्हाताऱ्या येऊन बसतात. घरात ठेवायचं असेल तर तेल सुकल्यावर वरून मेण. बाहेर ठेवायचं असेल तर दरवर्षी मिरगाच्या आधी परत तेल. पारदर्शक लॅकर बाहेरच्या कामाला मला आवडत नाही. एका जागी ओरखडा पडला की पाणी त्याच्या खालून पसरतं आणि थर पापुद्र्यासारखा सुटतो, मग सगळंच खरवडा.

तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं, बोळा केलेली चिंधी आपोआप पेटू शकते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तर विचारूच नका. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

डॉ_गुळवेल

यात माझी एक भर. वाटीसारखा, नळीसारखा जो भाग वर तोंड करून असेल त्याला खालून भोक पाडा. पाणी साचलं नाही की गंज कमी, आणि डेंग्यूचे डास होत नाहीत. आपण कूलरच्या टाक्यांवर ओरडतो आणि गच्चीवर पिस्टनच्या वाट्यांत डास पाळतो.

सुटा_नटबोल्ट

सगळ्यांचे आभार. काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. मान वळवून, चोच छातीशी घेतलेला बगळा, तेल चोळलेला, तसाच नेला. दवाखान्यातल्या मावशी जवळ येऊन म्हणाल्या, "अगंबाई, ही तर पाना-पक्कडीतली पक्कड." डॉक्टरही हसले. मग म्हणाले, छान आहे, आता सोनेरी करा.

भांडलो नाही. पण चितारओळीतल्या ताईंचं एक वाक्य डोक्यात होतं, त्यांना आधी बगळा दिसला. मग मी त्यांना सांगितलं, तुम्हाला बगळाच हवाय ना, तर मी दुसरा करतो, नव्या पत्र्याचा, कापून, ठोकून, गोल करून. सोनेरी पावडर कोटिंग करून आणतो. त्यात झाकायला काही नाही, त्यामुळे रंगाला माझी हरकतही नाही. पैसे जास्त लागतील, कारण भंगारात अर्धं काम आधीच कोणीतरी करून ठेवलेलं असतं. ते तयार झाले. जास्तीच्या पैशालासुद्धा!

पक्कडवाला घरी परत आला. गच्ची मोकळी झालेली नाही.

खडूस_काकू

म्हणजे भंगारवाला बगळा कमी किमतीचा आणि पत्र्याचा जास्त किमतीचा? हे काही मला पटलं नाही.

लोहाओळकर

काकू, नवा पत्रा आमच्याकडूनच जाईल, मला पटलं.

चितारओळीतली

पत्रा ठोकायच्या आधी कागदाचा साचा कापून जोडून बघा, पंखाची गोलाई एकदम येत नाही. आमच्याकडे मुखवट्यांना असंच करतात. जुना बगळा मला एकदा बघायचाय, मान कशी वळवली ते.

सुटा_नटबोल्ट

ताई, कधीही या. रविवारी घरीच असतो.

नवीन_सदस्य_नागपूर

मस्त धागा. मॅडम, ते जवसाचं तेल आमच्या किराण्यात आहे, घाण्याचं. ते चालेल का?

मायक्रोमीटर_मॅडम

नाही. ते फार हळू सुकतं. रंगाच्या दुकानात उकळलेलं मागा, त्यात लवकर सुकायचं औषध घातलेलं असतं, त्यामुळे ते खायचं नाही. घाण्याचं चटणीवर घ्या.